संघ जिंकू लागला, प्रेक्षक कुठे आहेत?

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलविषयी या सदराकडे अधूनमधून पत्रे येत असतात. पण या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकाच बाजूला होता. अनेक वर्षे हरणारा संघ सावरतो, जिंकू लागतो, आणि तरीही त्याच्या घरच्या सामन्यांना माणसे फिरकत नाहीत, असे का होते आणि त्यावर काय करता येते? म्हणून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात तिकीटविक्रीचे काम पाहते. आमचा पुरुष संघ एकेकाळी नावाजलेला होता. पुढे जवळजवळ पंधरा वर्षे त्याची घसरण होत राहिली. तीन वर्षांपूर्वी नवे प्रशिक्षक आले आणि आता संघ कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, पहिल्या दोनांत आहे. तरीही निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. वरिष्ठांचे म्हणणे असे की, आणखी थोडे जिंकू द्या, लोक आपोआप येतील. मला ते पटत नाही, पण त्यांना सांगण्यासारखे उत्तरही माझ्याकडे नाही. (एक वाचक, ओहायो)

उत्तर : आपल्या वरिष्ठांचे म्हणणे अर्धे खरे आहे. हरणाऱ्या संघाची कितीही जाहिरात केली तरी ती गळक्या रांजणात पाणी ओतल्यासारखी असते, हे मान्यच करावे लागेल. मात्र गळती थांबली म्हणून रांजण आपोआप भरत नाही. पंधरा वर्षांत माणसाच्या हिवाळ्यातील संध्याकाळी दुसऱ्या कशाने तरी भरून गेलेल्या असतात. मुले मोठी झालेली असतात, गाडी काढून थंडीत बाहेर पडण्याची इच्छा उरलेली नसते, आणि जवळजवळ प्रत्येक सामना घरच्या पडद्यावर दिसू लागलेला असतो. असा माणूस संघावर रुसलेला नसतो, त्याची सवय मोडलेली असते. आणि रुसवा काढण्याचे उपाय सवय लावण्याच्या कामी येत नाहीत.

यात कालगणनेचाही एक साधा भाग आहे, जो तुमच्या खिडकीवर तुम्ही स्वतः पाहत असाल. सीझन तिकिटे, म्हणजे संपूर्ण हंगामाची तिकिटे, मुख्यतः उन्हाळ्यात आणि शरदाच्या सुरुवातीला विकली जातात, म्हणजे पैसे भरणारा माणूस चालू हंगामाकडे नव्हे, तर सरलेल्या हंगामाकडे पाहून निर्णय घेतो. त्यामुळे या वर्षीच्या विजयांचे फळ तिकीटविक्रीत पुढच्या वर्षी दिसते, आणि मधल्या काळात ‘एवढे जिंकूनही कोणी येत नाही’ असे म्हणत विभागातील माणसे निराश होतात किंवा घाईघाईने चुकीचे उपाय करून बसतात.

मग सुरुवात कोणापासून करायची? माझे उत्तर निःसंदिग्ध आहे : विद्यार्थ्यांपासून. जुन्या सभासदांची मनधरणी नंतर करता येते, आणि विद्यार्थ्यांचा गलबला सुरू झाला की तिची फारशी गरजही उरत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचे आहे. स्टीव्ह फिशर हे १९८९ मध्ये मिशिगनला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक १९९९ मध्ये तिथे आले. त्यांच्या पहिल्या हंगामात संघाने ५ सामने जिंकले आणि २३ गमावले. कॉन्फरन्समधील चौदाच्या चौदा सामन्यांत पराभव झाला. बारा हजारांहून अधिक आसनांचे, जेमतेम दोन वर्षांपूर्वी उघडलेले सभागृह ओस पडलेले असे. तेव्हा राष्ट्रीय विजेतेपद नावावर असलेला हा मनुष्य स्वतः कॅम्पसवर फिरून विद्यार्थ्यांच्या हातात तिकिटे ठेवत असे. तिकीट फुकट होते ही त्यातील गौण गोष्ट आहे, कारण फुकट तिकिटे खिशातच राहून जातात हे तुमच्या विभागाला कोणी सांगायला नको. महत्त्वाचे हे की देणारा हात प्रशिक्षकाचा होता, आणि ज्याला ते तिकीट मिळाले त्याला सामन्याच्या संध्याकाळी आपली कोणी वाट पाहत आहे असे वाटले असणार.

या कथेतील वर्षेही आपल्या वरिष्ठांसमोर जरूर मांडा. तो संघ २००२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला, म्हणजे तीन हंगामांत; परंतु त्या स्पर्धेतला विद्यापीठाचा पहिलावहिला विजय यायला २०११ उजाडले. त्या हंगामात पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गाजलेला कवाय लेनर्ड संघात होता आणि संघाने ३४ विजय व ३ पराभव अशी कामगिरी केली. तोवर तिथली विद्यार्थ्यांची गॅलरी देशभर ओळखली जाऊ लागली होती. फिशर २०१७ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांची जागा पहिल्या दिवसापासून त्यांच्यासोबत असलेले सहायक ब्रायन डचर यांनी घेतली. २०२३ मध्ये संघ राष्ट्रीय अंतिम सामना खेळला आणि कनेक्टिकटकडून ७६–५९ असा हरला. ओस सभागृहापासून त्या रात्रीपर्यंत चोवीस हंगाम लागले, आणि एवढ्या काळात मुख्य प्रशिक्षक मात्र दोनच झाले.

ड्यूक विद्यापीठाचे नाव आज घेतले की तिथे कधी काळी खुर्च्या भरायची चिंता असेल हे कोणाला खरे वाटणार नाही. प्रशिक्षक माइक शेशेफ्स्की १९८० मध्ये तिथे आले, आणि पहिल्या तीन हंगामांचा त्यांचा हिशेब ३८ विजय व ४७ पराभव असा होता. त्यांना काढून टाकावे अशी मागणी माजी विद्यार्थ्यांकडून होत होती. विद्यापीठाने धीर धरला. १९८६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्यासाठी काही विद्यार्थी आधीच तंबू ठोकून बसले, आणि त्यातून दर हिवाळ्यात वसणारे तंबूंचे एक गावच तयार झाले. तिथले कॅमेरन इनडोअर स्टेडियम १९४० मधले असून त्यात अवघी ९,३१४ माणसे मावतात. पण विद्यार्थी कोर्टाच्या रेषेला खेटून उभे असतात, इतके की बाहेरून चेंडू आत टाकणाऱ्या पाहुण्या खेळाडूच्या कानाशीच त्यांचा आवाज येतो.

इथेच तुमच्या विभागाला सर्वांत अवघड निर्णय घ्यावा लागेल. कोर्टालगतच्या जागा बहुतेक ठिकाणी जुन्या देणगीदारांकडे असतात. ती मंडळी सज्जन असतात, शांत बसतात, आणि डिसेंबरातल्या एखाद्या मंगळवारी येतच नाहीत. टेलिव्हिजनचा मुख्य कॅमेरा ज्या बाजूकडे पाहतो त्या बाजूच्या पहिल्या दहा रांगा रिकाम्या दिसल्या, की घरी बसलेल्या प्रेक्षकाला आपण घरी बसलो हे बरेच केले असे वाटते. पिट्सबर्ग विद्यापीठाने २००२ मध्ये नवे पीटरसन इव्हेंट्स सेंटर उघडले तेव्हा विद्यार्थ्यांना कोर्टाभोवती जागा दिली, आणि ती गॅलरी पाहुण्या संघांना नकोशी झाली. देणगीदारांना दुखावणे कोणत्याही विद्यापीठाला परवडत नाही, हे मला कळते. तरी निदान कॅमेऱ्यासमोरची एक बाजू विद्यार्थ्यांना द्यावी, आणि जुन्या सभासदांना त्याबद्दल पत्राने न कळवता प्रशिक्षकाने फोन करून विनंती करावी.

सभागृह गरजेपेक्षा मोठे असेल, तर वरचा मजला पडद्याने बंद करायला लाजू नये. ह्यूस्टन विद्यापीठाने तर याहून पुढची पायरी गाठली. १९८२ ते १९८४ अशी लागोपाठ तीन वर्षे अंतिम चारांत पोहोचलेल्या, हकीम ओलाजुवान आणि क्लाइड ड्रेक्सलर यांच्या त्या संघानंतर तिथे दीर्घ दुष्काळ पडला. प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन २०१४ मध्ये आले, संघ उभा राहू लागला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये जुन्या जागीच नव्याने बांधलेले जे सभागृह उघडले, ते पूर्वीपेक्षा लहान, सुमारे ७,१०० आसनांचे होते. मोठ्या सभागृहात सात हजार माणसे म्हणजे विरळ गर्दी. या लहान सभागृहात तेवढीच माणसे म्हणजे हाऊसफुल्ल, आणि ज्या गोष्टीचे तिकीट मिळत नाही तिचेच तिकीट माणसाला हवे असते.

दरांविषयी एवढेच सांगेन की, संघ सावरल्याच्या पहिल्या वर्षी ते वाढवू नयेत. चांगल्या जागेसाठी तिकिटाव्यतिरिक्त वेगळी देणगी मागण्याची पद्धत तिथे रूढ आहे. २०१७ च्या करकायद्यापूर्वी अशा देणगीच्या ८० टक्के रकमेवर करवजावट मिळत असे, ती त्या कायद्याने संपली; म्हणजे दर न वाढवताही ती खुर्ची जुन्या सभासदाला आधीच महाग झालेली आहे. आणखी एक गोष्ट, जी वरिष्ठांना आवडणार नाही : जाहीर केलेल्या उपस्थितीच्या आकड्यावर विसंबू नका. त्यात विकलेली आणि वाटलेली तिकिटे धरलेली असू शकतात. दारावर किती तिकिटे स्कॅन झाली, आणि त्यांतील किती माणसे आधीच्या सामन्यालाही आली होती, हे दोन आकडे दर आठवड्याला मांडा. सवय लागते आहे की नाही, हे दुसऱ्या आकड्यावरूनच समजेल.

प्रश्न : पहिल्या पाचशे विद्यार्थ्यांना टी-शर्ट आणि पिझ्झा, अशा योजनांचा खरोखर उपयोग होतो का? (एक विद्यार्थी, पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : पहिल्या खेपेला होतो. मात्र टी-शर्ट दारात न देता खुर्चीवर ठेवलेला असावा, नाहीतर माणूस तो घेऊन वसतिगृहात परततो.

प्रश्न : आमच्या विद्यापीठाचा संघ नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये अगदी दुबळ्या संघांशी घरी खेळतो आणि त्याच काळात परीक्षा व सुट्टी असल्यामुळे सभागृह रिकामे असते. चांगल्या संघांना बोलावत का नाहीत? (एक विद्यार्थिनी, इलिनॉय)

उत्तर : बोलावतात, पण ते येत नाहीत. हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो आणि कॉन्फरन्समधील बहुतेक सामने जानेवारीपासून होतात. त्याआधीच्या आठवड्यांत मोठी विद्यापीठे लहान विद्यापीठांना ठरावीक रक्कम देऊन आपल्या घरी खेळायला बोलावतात. पाहुण्यांना पैसे मिळतात, यजमानांना बहुधा विजय मिळतो. राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडताना २०१८ पासून ‘नेट’ नावाची क्रमवारी वापरली जाते. तिच्या हिशेबात पहिल्या तीसमधील संघाला घरी हरवणे आणि पहिल्या पंच्याहत्तरमधील संघाला त्याच्या घरी जाऊन हरवणे, हे दोन्ही विजय सर्वांत वरच्या गटात मोडतात. यावरून असे वाटेल की बलाढ्य संघांनी आनंदाने बाहेर पडावे. प्रत्यक्षात, नुकत्याच सावरलेल्या, फारसे नाव नसलेल्या पण धोकादायक संघाच्या घरी जाऊन हरण्याची जोखीम कोणी पत्करत नाही. तुमचा संघ जितका सुधारेल तितके पाहुणे मिळणे कठीण होईल.

तेव्हा त्या आठवड्यांत विद्यार्थ्यांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. अनेक विद्यापीठे, विशेषतः त्यांचे महिला संघ, एखादा सामना आठवड्याच्या मधल्या दिवशी भर दुपारी ठेवून आसपासच्या शाळांतील मुलांना बसगाड्या भरून बोलावतात. दहा वर्षांच्या तीन-चार हजार मुलांचा किंकाळ्यांसकटचा गोंगाट ज्याने एकदा ऐकला आहे, तो त्या सामन्याला रिकामा सामना म्हणणार नाही. आणि ती मुले घरी जाऊन आईवडिलांच्या मागे लागतात, हा त्यातला खरा लाभ आहे. परतलेल्या विद्यार्थ्यांसाठी जानेवारीतला पहिला घरचा सामना मात्र जुन्या प्रतिस्पर्ध्याशी असावा, यासाठी कॉन्फरन्सकडे आग्रह धरायला हवा.

प्रश्न : मी एका विद्यापीठाचा माजी विद्यार्थी आहे आणि चाळीस वर्षांपूर्वी प्रत्येक सामन्याला जात असे. संघ आता पुन्हा चांगला खेळतो आहे, पण दर वर्षी खेळाडू बदलतात. ज्यांची नावे पाठ होण्याआधीच ते निघून जातात, त्यांच्यावर जीव कसा लावायचा? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तुमची तक्रार न्याय्य आहे, आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. खेळाडूंच्या बदलीची नोंद ठेवणारे ट्रान्स्फर पोर्टल २०१८ मध्ये सुरू झाले. २०२१ मध्ये एका वर्षाची सक्तीची विश्रांती न घेता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाच्या व प्रतिमेच्या वापरातून पैसे कमावता येऊ लागले. खेळाडूंच्या दृष्टीने यात अन्याय दूर झाला, असे मी मानतो. प्रेक्षकाच्या दृष्टीने काय झाले, ते इंडियाना स्टेटच्या उदाहरणावरून दिसते.

टेरे हॉट गावच्या या विद्यापीठाने १९७९ मध्ये लॅरी बर्डच्या जोरावर सलग ३३ सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटकडून ते ७५–६४ असे हरले. त्यानंतर तसे दिवस परत आले नव्हते. २०२३-२४ च्या हंगामात मात्र प्रशिक्षक जॉश शर्ट्झ आणि गॉगल लावून खेळणारा उंच सेंटर रॉबी अविला यांनी गावाला पुन्हा वेड लावले. संघाने ३२ सामने जिंकले. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना जागा मिळाली नाही, तरी दुय्यम मानल्या जाणाऱ्या एनआयटी स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत ते पोहोचले आणि सीटन हॉलकडून केवळ दोन गुणांनी हरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत शर्ट्झ सेंट लुई विद्यापीठात गेले आणि अविलाही त्यांच्यामागे गेला. पंचेचाळीस वर्षांनी परतलेल्या माणसांना दुसरा हंगाम मिळालाच नाही.

याउलट न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठाकडे पाहा. २०२३ मध्ये प्रशिक्षक रिक पिटिनो तिथे आले, आणि २०२४-२५ मध्ये ज्या संघाने बिग ईस्ट या कॉन्फरन्सचे नियमित हंगामाचे निर्विवाद विजेतेपद १९८५ नंतर प्रथमच मिळवले, त्यातील प्रमुख खेळाडू इतर विद्यापीठांतून बदली होऊन आलेले होते. तरीही मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे प्रचंड सभागृह भरत होते. तिथे येणारी तुमच्या वयाची माणसे या खेळाडूंना वर्षभरापूर्वी ओळखतही नव्हती. ती त्या जर्सीसाठी, त्या इमारतीसाठी आणि ख्रिस मलिनच्या १९८५ च्या संघाला पाहिलेल्या स्वतःच्या तारुण्यासाठी आली होती. त्या संघाचे प्रशिक्षक लू कार्नेसेका याच हंगामाच्या सुरुवातीला, नोव्हेंबर २०२४ मध्ये वारले. खेळाडूंची नावे पाठ होत नसतील तर प्रशिक्षकाचे आणि गॅलरीचे नाव पाठ करा, एवढेच मी सुचवू शकतो. आणि एखादा खेळाडू दुसऱ्या वर्षीही थांबला, तर विद्यापीठाने त्याची बातमी नव्या खेळाडूच्या आगमनापेक्षा मोठी करावी. बहुतेक ठिकाणी नेमके उलटे होते.

प्रश्न : हे सारे महिला संघांनाही लागू पडते का? (एक वाचक, टेक्सास)

उत्तर : लागू पडते, आणि एका बाबतीत महिला संघच पुढे आहेत. प्रशिक्षक डॉन स्टेली २००८ मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठात आल्या तेव्हा पहिल्या हंगामात त्यांनी १० सामने जिंकले आणि १८ गमावले. अठरा हजार आसनांच्या सभागृहात तेव्हा तुरळक माणसे असत. त्यांनी गावातल्या माणसांशी ओळखी केल्या, त्यांना ‘फॅन्स’ न म्हणता ‘फॅम्स’, म्हणजे घरची माणसे, म्हणायला सुरुवात केली, आणि २०१४-१५ पासून तो संघ देशातील महिला बास्केटबॉलच्या उपस्थितीत अग्रभागी राहिला. पहिले राष्ट्रीय विजेतेपद २०१७ मध्ये आले, म्हणजे खुर्च्या आधी भरल्या आणि करंडक नंतर आला. आधी जिंका, मग लोक येतील असे म्हणणाऱ्यांना हा क्रम दाखवावा. पुढे आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क या खेळाडूने महिलांच्या सामन्यांकडे देशभरातील प्रेक्षक ओढून आणले. २०२४ चा महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक लोकांनी टेलिव्हिजनवर पाहिला.

प्रश्न : आमचा संघ पहिल्यांदाच चांगला खेळू लागला आहे आणि नेमके आताच सभागृहाच्या नूतनीकरणासाठी एक हंगाम दुसरीकडे खेळायचे ठरले आहे. गर्दी टिकेल का? (एक वाचक, मिशिगन)

उत्तर : टिकणे कठीण आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गावी, इव्हॅन्स्टनला, १९३९ मध्ये पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला होता; परंतु त्या विद्यापीठाच्या पुरुष संघाला त्या स्पर्धेत पहिल्यांदा खेळायला मिळाले ते २०१७ मध्ये. पुढच्याच हंगामात वेल्श–रायन अरीनाचे नूतनीकरण निघाले आणि संघ ओहेअर विमानतळाजवळच्या एका मोठ्या सभागृहात खेळू लागला. देशातील पहिल्या पंचवीस संघांत गणना होऊन सुरू झालेला तो हंगाम १५ विजय आणि १७ पराभव असा संपला. दोष एकट्या जागेचा नव्हता, पण चालत जाण्याच्या अंतरावरचा सामना बसच्या अंतरावर गेला की विद्यार्थी गळतात, आणि विद्यार्थी गळले की बाकीचे फार काळ थांबत नाहीत. डीपॉल विद्यापीठ १९८० मध्ये आपल्या कॅम्पसवरील लहान सभागृह सोडून त्याच ठिकाणी गेले होते, तेव्हा त्यांचा संघ देशातील सर्वोत्तम संघांपैकी होता. आज त्यांचे सभागृह पुन्हा शिकागो शहरात असले तरी ते कॅम्पसवर नाही.

जावेच लागणार असेल तर सर्व सामने एकाच मोठ्या ठिकाणी नेऊ नका. दोन-चार सामने तरी कॅम्पसवरच्या एखाद्या जुन्या व्यायामशाळेत, हजार-दीड हजार माणसांत, केवळ विद्यार्थ्यांसाठी खेळवा आणि उरलेल्या सामन्यांसाठी फुकट बसगाड्या सोडा. नॉर्थवेस्टर्न २०१८ मध्ये सुमारे सात हजार आसनांच्या नव्या रूपातील घरी परतले. त्यानंतरही चार हंगाम संघ रखडला. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याच सभागृहात त्यांनी देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या पर्ड्यूला हरवले, आणि शेवटचा भोंगा वाजताच विद्यार्थी कठडे ओलांडून कोर्टावर उतरले. २०१७ मध्ये प्रथम वर्षात असलेला एकही विद्यार्थी एव्हाना त्यांच्यात उरला नसणार.